जेवढे कळले, तेवढेच सांगणारा : थॉमस हक्सले

धर्म आणि विज्ञान यांच्या वादाचा विषय निघाला की थॉमस हेन्री हक्सले हे नाव हमखास घेतले जाते. डार्विनच्या उत्क्रांतिवादाची बाजू इतक्या हिरिरीने मांडणारा दुसरा माणूस व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्लंडमध्ये नव्हता. आपण अध्यात्माच्या मार्गावर चालणारे असाल, तर हा आपल्या विरोधी पक्षातला माणूस, असे म्हणून पुढे जाल. तसे करू नका. थोडे थांबा आणि त्याचे जीवन पाहा. जे मनाला पटले नाही ते ओठावर येऊ द्यायचे नाही, हे व्रत त्याने आयुष्यभर पाळले आणि त्याची किंमतही मोजली. सत्याच्या प्रत्येक साधकाने त्याच्याकडून शिकावे असे पुष्कळ आहे.

हक्सलेचा जन्म 4 मे 1825 रोजी लंडनजवळच्या इलिंग या गावी झाला. वडील शाळेत गणित शिकवत, पण घरची स्थिती बेताची होती. मुलाला शाळेत जायला मिळाले ते जेमतेम दोन वर्षे. बाकीचे सारे त्याने स्वतःच वाचून मिळवले. जर्मन भाषासुद्धा तो आपली आपणच शिकला. किशोरवयात एका डॉक्टरच्या हाताखाली काम करताना त्याने लंडनच्या गोदी भागातील दारिद्र्य जवळून पाहिले. उपाशी, आजारी माणसांची ती दृश्ये तो कधीच विसरला नाही. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्याने वैद्यकीय शिक्षण घेतले आणि 1846 साली रॅटलस्नेक या नौदलाच्या जहाजावर सहायक शल्यवैद्य म्हणून तो ऑस्ट्रेलियाकडे निघाला.

जहाजावरच्या चार वर्षांत त्याने जेलीफिशसारख्या समुद्री जीवांचा बारकाईने अभ्यास केला. त्या कामामुळे 1851 साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. या प्रवासातच सिडनीमध्ये हेन्रिएटा हीथॉर्न हिच्याशी त्याचे लग्न ठरले होते. पण नोकरी नाही, पैसा नाही, अशा स्थितीत दोघांना आठ वर्षे वाट पाहावी लागली. 1855 साली त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षी त्याने लंडनच्या कामगारांसाठी विज्ञानाची व्याख्याने सुरू केली. ज्ञान हे श्रीमंतांच्या कुलपात राहू नये, ही त्याची तळमळ होती.

नोव्हेंबर 1859 मध्ये डार्विनचा जीवजातींच्या उगमावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रत्येक प्राणी ईश्वराने स्वतंत्रपणे निर्माण केला आणि मनुष्याला तर विशेष रीतीने घडवले, अशी तेव्हाच्या ख्रिस्ती समाजाची धारणा होती. सर्व जीव एकमेकांचे नातलग आहेत आणि दीर्घ काळात नैसर्गिक निवडीने बदलत गेले आहेत, हा विचार त्या धारणेला धक्का देणारा होता. डार्विन प्रकृतीने नाजूक आणि वादापासून दूर राहणारा. ती धुरा हक्सलेने उचलली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाठिंबा देतानाही त्याने या सिद्धांतातील उणिवा लपवल्या नाहीत. नैसर्गिक निवडीचा पुरावा अजून पूर्ण झालेला नाही, असे तो आपल्या मित्राला आणि जगालाही सांगत राहिला.

30 जून 1860. ऑक्सफर्डच्या नव्या संग्रहालयात ब्रिटिश असोसिएशनची सभा भरली होती आणि शेकडो लोकांनी सभागृह भरून गेले होते. ऑक्सफर्डचे बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स बोलायला उभे राहिले. ते काही अडाणी धर्मगुरू नव्हते. गणितात त्यांनी उत्तम यश मिळवले होते आणि त्यांचे काही आक्षेप शास्त्रीयच होते. पण बोलण्याच्या ओघात त्यांनी हक्सलेची थट्टा केली. वानराशी आपले नाते आजोबांकडून लागते की आजीकडून, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी विचारल्याचे सांगतात. त्या सभेची शब्दशः नोंद कोणी ठेवली नाही आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणीही जुळत नाहीत. हक्सलेच्या उत्तराचा मथितार्थ मात्र अनेकांना आठवत होता : पूर्वज वानर असण्यात त्याला लाज वाटत नव्हती, बुद्धी आणि प्रतिष्ठा मिळूनही त्यांचा वापर सत्य झाकण्यासाठी करणाऱ्या माणसाशी नाते असण्याची लाज वाटली असती. त्यानंतर हिमालयातील वनस्पतींचा अभ्यास करून आलेले जोसेफ हूकर यांनीही डार्विनची बाजू समर्थपणे मांडली.

या प्रसंगाची गोष्ट विजयाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पण सभेत टाळ्या मिळवणे ही सत्यनिष्ठेची परीक्षा नव्हे. हक्सलेची परीक्षा झाली ती त्यानंतर अडीच महिन्यांनी, त्याच्या स्वतःच्या घरात.

त्याचा थोरला मुलगा नोएल चार वर्षांचाही झाला नव्हता. सप्टेंबरमध्ये स्कार्लेट फीवरने दोन दिवसांत त्याचा बळी घेतला. हसताखेळता मुलगा गेला. हक्सलेचे स्नेही चार्ल्स किंग्जली हे धर्मोपदेशक होते. त्यांनी सांत्वनाचे पत्र लिहिले आणि आत्म्याच्या अमरत्वाचा आधार देऊ केला. आपण त्या पित्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मुलगा पुन्हा भेटेल, एवढे मानले असते तर केवढा दिलासा मिळाला असता! हक्सलेने दीर्घ उत्तर लिहिले. अमरत्व नाही असे तो म्हणाला नाही आणि आहे असेही म्हणाला नाही. ते खोटे ठरवण्याचे साधन आपल्यापाशी नाही, पण केवळ आपल्याला हवे आहे म्हणून ते खरे मानता येत नाही, असे त्याने कळवले. लहान मुलाप्रमाणे नम्र होऊन वस्तुस्थितीपुढे बसावे आणि ती नेईल तिकडे जावे, ही त्याची भूमिका होती. अंत्यविधीच्या वेळी धर्मोपदेशकाने वाचले की, मृत पुन्हा उठणार नसतील तर खाऊनपिऊन घ्यावे. ते ऐकून तो व्यथित झाला होता. परलोकाची खात्री नसली म्हणून प्रेम आणि कर्तव्य का सोडायचे, असा त्याचा सवाल होता. एवढा मतभेद असूनही किंग्जलींशी त्याची मैत्री टिकली.

या वृत्तीला 1869 साली त्याने स्वतःच नाव दिले, ज्याला आपण मराठीत अज्ञेयवाद म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो एखादा पंथ नव्हता. जे कळले नाही ते कळल्याचा आव आणू नये, एवढीच ती शिस्त होती.

ही शिस्त त्याने स्वतःलाही लावली. 1868 साली समुद्रतळाच्या चिखलात त्याला एक लिबलिबीत पदार्थ दिसला. हे जीवनाचे अगदी आदिम रूप आहे असे समजून त्याने त्याला बॅथिबियस असे नाव दिले. पुढे चॅलेंजर जहाजावरील संशोधकांना आढळले की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल मिसळल्यावर तयार होणारा तो निर्जीव साका आहे. हे कळताच 1875 साली हक्सलेने ती माहिती आपणहून प्रसिद्ध केली आणि चुकीचा दोष स्वतःकडे घेतला. ऑक्सफर्डच्या सभेपेक्षा हा प्रसंग मोठा मानावा.

1870 साली तो लंडनच्या शालेय मंडळावर निवडून आला. लोकांना वाटले, हा आता शाळांतून बायबल हद्दपार करणार. त्याने उलट, पंथांची शिकवण न लादता मुलांना बायबल वाचू द्यावे, असे मत मांडले. त्या ग्रंथातील नीती आणि भाषा यांना मुले पारखी होऊ नयेत, असे त्याला वाटे.

1893 साली, म्हातारपणी, तो पुन्हा ऑक्सफर्डमध्ये बोलायला उभा राहिला. विषय होता उत्क्रांती आणि नीती. या व्याख्यानात त्याने उपनिषदांतील ब्रह्म आणि आत्मा, कर्मसिद्धांत आणि बुद्धाचा मार्ग यांचा आदराने विचार केला. पुनर्जन्माचा विचार त्याने स्वीकारला नाही. पण घाईने विचार करणारेच तो मुळातच हास्यास्पद म्हणून झिडकारतील, असे त्याने बजावले. निसर्गातील जीवनसंघर्ष हा माणसाच्या वागणुकीचा आदर्श होऊ शकत नाही, हा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. बलवानाने दुर्बळाला तुडवावे, असे उत्क्रांतीच्या नावाखाली सांगणाऱ्यांना त्या सिद्धांताच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यानेच दिलेले हे उत्तर होते.

29 जून 1895 रोजी ईस्टबोर्न येथे त्याचे निधन झाले. नोएलच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी त्या घरात लिओनार्ड जन्मला होता. लिओनार्डचा मुलगा आल्डस हक्सले पुढे वेदान्ताकडे वळला आणि सर्व धर्मांतील शाश्वत तत्त्वावर त्याने ग्रंथ लिहिला. आजोबा ज्या दारापाशी थांबले, तिथून नातू आत गेला.

आता आपल्याकडे वळू. आपण ईश्वराविषयी, आत्म्याविषयी, कर्मफलाविषयी किती सहज बोलतो! त्यातले अनुभवाचे किती, ऐकीव किती, आणि भीतीपोटी किंवा दिलाशासाठी धरून ठेवलेले किती? आज एकांतात बसून हा हिशेब मांडा. जे अजून अनुभवाला आले नाही, ते दुसऱ्याला ठामपणे सांगू नका. ते साधनेसाठी राखून ठेवा. आपल्या श्रद्धेवर कोणी प्रश्न विचारला तर त्याची थट्टा करू नका. चूक दाखवली गेली तर ती मान्य करण्यात उशीर लावू नका. अशी सवय अंगी बाणली, तर जी श्रद्धा उरेल ती थोडी असेल, पण खरी आपली असेल.