दाण्यातील तेल आणि एक शिक्षक

खाद्यतेलाची टंचाई भासू लागली की गळिताच्या पिकांखाली अधिक जमीन आणण्याची चर्चा सुरू होते. तेवढ्याच वजनाच्या दाण्यांतून अधिक तेल मिळेल काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वासिली पुस्तोवोइत या संशोधकाने आपले सारे आयुष्य याच प्रश्नाला वाहिले.

खारकोव्ह प्रांतात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, १८८६ साली जन्मलेले पुस्तोवोइत दक्षिण रशियातील कुबान प्रदेशात कृषिशाळेत शिक्षक होते. १९१२ साली त्यांनी आजच्या क्रास्नोदार शहरानजीक क्रुग्लिक येथे प्रयोगक्षेत्र सुरू केले. त्या काळी सूर्यफुलाच्या बियांत तेलाचे प्रमाण सुमारे ३३ टक्के असे. मधमाश्या एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेत असल्याने उत्तम झाडाची संततीही उत्तम निपजेल, अशी शाश्वती नसे. पुस्तोवोइत यांनी साधा पण शिस्तीचा मार्ग शोधला. निवडलेल्या प्रत्येक झाडाच्या काही बिया पेरून त्यांची परीक्षा घ्यायची व उरलेल्या राखून ठेवायच्या. मग कसोटीस उतरलेल्या झाडांच्याच राखीव बिया इतर सूर्यफुलांपासून दूर, एकत्र पेरायच्या. पिढ्यान् पिढ्या चाललेल्या या निवडीने टरफल पातळ होत गेले, गराचा वाटा वाढला आणि तेलाचे प्रमाण ५० टक्क्यांपलीकडे गेले. दाण्यांचे उत्पन्न तेवढेच राहिले तरी तेल दीडपट, असा याचा अर्थ होय.

१९५९ साली त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. त्यांचे ‘पेरेदोविक’ हे वाण १९६९ साली भारतात आले. १९७२ साली पुस्तोवोइत निवर्तले, त्याच सुमारास येथे सूर्यफुलाची व्यापारी लागवड सुरू झाली. मराठवाड्यानेही हे पीक आपलेसे केले. पुढे मात्र त्याचे क्षेत्र आटत गेले. आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते आणि सूर्यफूल तेलाचा मोठा भाग रशिया व युक्रेनमधूनच येतो.

केवळ वाण आणून हे चित्र पालटणार नाही. आपल्या बाजारात दाण्याचा भाव सामान्यतः वजनावर ठरतो. तेलाच्या टक्क्याचा लाभ गिरणीला होतो, शेतकऱ्याला नव्हे. दाण्यातील तेलाला भाव मिळाल्याखेरीज ते वाढविण्याची उमेद शेतकऱ्याने कशासाठी बाळगावी?