मायकेल फॅरडे : स्वतः पिंजऱ्यात शिरलेला शास्त्रज्ञ

ग्वाल्हेरजवळ मालनपूर येथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणच्या कारखान्यांत भट्टीचे तापमान सांगणारे सेन्सर असतात. त्यांचा संकेत व्होल्टच्या काही हजाराव्या भागाइतका क्षीण असतो. शेजारून मोटारींच्या जाड तारा गेल्या, की त्यात खोटे आकडे मिसळतात. या उपद्रवाचे कारण व उपाय, दोन्ही एका इंग्रज लोहाराच्या मुलाने शोधले.

मायकेल फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. शाळा थोडीच झाली. चौदाव्या वर्षी ते पुस्तके बांधणाऱ्याकडे उमेदवारीस राहिले व बांधावयास आलेली पुस्तके वाचूनच शिकले. १८१३ साली त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांचे मदतनीस म्हणून काम मिळाले.

बदलते चुंबकत्व जवळच्या तारेत वीज उत्पन्न करते, हे त्यांनी १८३१ मध्ये दाखविले. जनित्र याच नियमाने चालते; आणि मोटारीची तार सेन्सरच्या तारेत ढवळाढवळ करते तीही याच नियमाने. म्हणून सेन्सरच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळतात. लागोपाठच्या पिळांत उपद्रव उलटसुलट येऊन बहुतांशी नाहीसा होतो.

१८३६ मध्ये त्यांनी बारा फूट लांब, रुंद व उंच असा लाकडी सांगाडा करून त्यावर तांब्याची तार व धातूचा वर्ख चढविला, आणि स्वतः आत शिरले. बाहेर ठिणग्या उडत होत्या. आतील नाजूक उपकरणांना मात्र विजेचा मागमूसही लागला नाही. सेन्सरच्या तारांवरील जाळीदार वेष्टन हा त्याच पिंजऱ्याचा लहान नमुना होय. ते बहुधा एकाच टोकाला जमिनीशी जोडतात. दोन्ही टोके जोडल्यास वेष्टनातूनच नको तो प्रवाह वाहू शकतो.

फॅरडे सँडेमनियन नावाच्या छोट्याशा मंडळीचे सभासद होते. १८४० मध्ये ते वडील नेमले गेले. १८४४ मध्ये ते पद गेले, आणि काही काळ सहभागितेतूनही त्यांना वगळण्यात आले. तेव्हा त्यांची कीर्ती युरोपभर पसरली होती. दुसरीकडे कोठेही त्यांचे स्वागत झाले असते. तरी ते मंडळी सोडून गेले नाहीत. १८६० मध्ये त्याच मंडळीने त्यांना पुन्हा वडील नेमले. सरदारकी व रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी ते निवर्तले.

शाब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांपुढे एक लहान रेडिओ चालू करून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून पाहावा. झाकण लागताच लागलेले केंद्र बहुधा ऐकू येईनासे होते. मग फॅरडे यांची हकीकत सांगावी. मुले ती विसरणार नाहीत.