सिन्सिनेटस

टायबर नदीच्या काठी वसलेल्या रोम नगरावर प्रथम राजे राज्य करीत. परंपरेप्रमाणे इ. स. पूर्व ५०९ मध्ये रोमन लोकांनी आपल्या जुलमी राजास हाकलून दिले व त्याच्या जागी दरवर्षी दोन कॉन्सल निवडण्याची पद्धत सुरू केली. दोघांचे अधिकार सारखे. एक भलत्या वाटेने जाऊ लागला, तर दुसऱ्याने त्यास आवरावे. परंतु शत्रू दाराशी आला असता दोघांच्या विचाराने चालणे कठीण. अशा वेळी एकाच पुरुषाच्या हाती सर्व सत्ता देत; मात्र फार तर सहा महिन्यांपुरती. त्यास सर्वाधिकारी म्हणत.

लूशियस क्विंक्टियस हा असा एक सर्वाधिकारी होय. कुरळ्या केसांमुळे त्यास सिन्सिनेटस हे नाव पडले. तो कुलीन होता. त्या काळी रोममध्ये मोठी पदे कुलीनांकडेच असत आणि कायदे लेखी नसल्यामुळे न्यायही त्यांच्याच मुखी असे. सामान्य जनांनी झगडून ट्रिब्यून नावाचे आपले कैवारी मिळविले होते. आता ते लेखी कायदे मागत होते. सिन्सिनेटस या मागणीचा कडवा विरोधक होता. त्याचा मुलगा कीसो तर ट्रिब्यूनांना भर चौकातून पिटाळून लावी. त्याच्यावर खटला होताच तो परमुलखात निघून गेला आणि जामिनाची भारी रक्कम बापाकडून वसूल करण्यात आली. सिन्सिनेटसने मालमत्ता विकून ती भरली व टायबरपलीकडे झोपडीत राहून तो जेमतेम अडीच एकर जमीन कसू लागला.

इ. स. पूर्व ४५८ मध्ये एक्वी लोकांनी अल्गिडस डोंगरापाशी कॉन्सल मिनुसियस यास सैन्यासह कोंडले. सिनेट या ज्येष्ठांच्या सभेने दूत धाडले, तेव्हा सिन्सिनेटस शेतात राबत होता. अंगावरील धूळ-घाम पुसून व पत्नी रासिलिया हिने आणून दिलेला टोगा पांघरून त्याने निरोप ऐकला. त्याची सर्वाधिकारी म्हणून निवड झाली होती.

त्याने नगरातील दुकाने बंद करविली. प्रत्येक लढाऊ पुरुषाने पाच दिवसांची शिदोरी व बारा मेखा घेऊन सूर्यास्तापूर्वी मैदानात हजर व्हावे, अशी आज्ञा सुटली. म्हाताऱ्यांनी शेजारच्या शिपायांसाठी स्वयंपाक केला. मध्यरात्री सैन्य अल्गिडसला पोहोचले. वेढा घालणाऱ्यांनाच वेढा पडला! आरोळी ठोकून रोमनांनी भोवती खंदक खणला व मेखा रोवल्या. आतून मिनुसियसच्या सैनिकांनीही उठाव केला. एक्वी शरण आले. दोन भाले उभे व एक आडवा बांधून केलेल्या जोखडाखालून त्यांना वाकून जावे लागले. पण त्यांचे प्राण वाचले. लुटीतील वाटा मात्र कोंडल्या गेलेल्या सैन्यास मिळाला नाही.

आता सिन्सिनेटसच्या हाती सहा महिने होते. रोममध्ये त्यास अडविणारा कोणी नव्हता. कीसोविरुद्ध खोटी साक्ष देणाऱ्याचा खटला निकालात निघेपर्यंत तेवढा तो थांबला, हे सांगावयास हवे. त्या साक्षीदारास शिक्षा झाली आणि सोळाव्या दिवशी सिन्सिनेटसने अधिकार खाली ठेवला.

ही हकीकत लिव्ही या इतिहासकाराने चारशेहून अधिक वर्षांनी लिहिली. तीत दंतकथेचा अंश असणारच. इ. स. पूर्व ४५१-४५० मध्ये रोमचे कायदे बारा पाट्यांवर लिहिले गेले. ज्या मागणीस सिन्सिनेटसने विरोध केला, ती अशी पुरी झाली. पुढे इ. स. पूर्व ४३९ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, त्यास पुन्हा सर्वाधिकारी केले गेले. गरिबांना धान्य वाटणारा मीलियस राजा होऊ पाहतो, असा त्या वेळी बोभाटा झाला होता. सिन्सिनेटसच्या अधिकाऱ्याने त्यास चौकशीवाचून ठार केले आणि वृद्ध सर्वाधिकाऱ्याने त्या कृत्यास मान्यता दिली.