नवऱ्याची दारू सुटेल, पण बायकोचं काय? हा प्रश्न विचारणाऱ्या डॉ. अनिता अवचट

महाडहून वरंधा घाट चढून, भोरमार्गे पुणं गाठलं की येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र लागतं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी पती अनिल अवचट यांच्यासोबत ते २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू केलं. अनिल यांचे गर्दवरचे लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मोठी मदत केली.

घरातली बाई उधारी फेडते, ऑफिसात खोटं कारण सांगते, शेजाऱ्यांपासून लपवते. त्याने नवऱ्याचं पिणं सांभाळलं जातं आणि ती मात्र आतून खचत जाते. अशा बायकांना एकमेकींशी बोलता यावं म्हणून मुक्तांगणमध्ये 'सहचरी' गट आहे. नाव किती नेमकं!

१९९७ मध्ये अनिताताई कॅन्सरने गेल्या. पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी मुक्तांगण सांभाळलं.