मांद्रे ते मुंबई : डॉ. भाऊ दाजी लाड

पेडणे महालातील मांद्रे या गावाने देशाला दिलेले एक थोर विद्वान म्हणजे कै. डॉ. भाऊ दाजी लाड. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांचा जन्म झाला. पेडणे 1788 मध्येच पोर्तुगीज अमलाखाली गेले होते. मुंबईत इंग्रजांचे राज्य होते. त्यामुळे मांद्र्याहून मुंबईस जाणे म्हणजे केवळ गाव सोडणे नव्हते, तर राज्य, राजभाषा आणि उपजीविकेची रीत हे सारेच बदलणे होते.

घरची परिस्थिती बेताचीच. मातीच्या बाहुल्या विकणे हा त्यांच्या कुटुंबाचा व्यवसाय होता. बुद्धिबळातील मुलाची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिकविण्याचा आग्रह धरला आणि वडील त्याला घेऊन मुंबईस आले. एल्फिन्स्टन संस्थेत भाऊंचे शिक्षण झाले. कच्छ-काठेवाडातील बालहत्येवरील निबंधाला पारितोषिक मिळाले आणि त्याच संस्थेत ते शिक्षक झाले. परमुलखातून आलेल्या गरीब कुटुंबाला एवढे स्थैर्यही पुष्कळ होते.

परंतु 1845 मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू होताच भाऊंनी हाती असलेला पेशा सोडून पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. त्यांच्या जीवनातील हा खरा कसोटीचा क्षण होय. पहिल्या तुकडीतून पदवी घेऊन 1851 मध्ये त्यांनी वैद्यकीय व्यवसाय आरंभिला व अल्पावधीतच नाव आणि धन मिळविले. गोरगरिबांवर मात्र ते विनामूल्य उपचार करीत. नवे शास्त्र आत्मसात करताना त्यांनी जुन्याचा त्याग केला नाही. संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधींचा गुण ते स्वतः पारखून पाहत. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधन याच वृत्तीतून झाले.

ज्या शहराने आश्रय दिला, त्याचे ऋणही त्यांनी फेडले. 1852 मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. 1869 व 1871 अशा दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. अजिंठ्याचे शिलालेख, कालिदासाचा काळ अशा विषयांवर त्यांनी संशोधनपर निबंध लिहिले. 31 मे 1874 रोजी त्यांचे निधन झाले. भायखळ्याच्या ज्या वस्तुसंग्रहालयासाठी ते झटले, त्याला 1975 मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी त्यांचे स्मरण आणखी एका कारणाने उचित ठरते. मिळविलेल्या द्रव्याचा मोठा भाग त्यांनी दुर्मीळ हस्तलिखिते जमविण्यात वेचला. पेडणे-डिचोली परिसरातील तरुण आजही उपजीविकेसाठी दूरदेशी जातात. मिळाली ती नोकरी हाच शेवट न मानता शिकत राहावे, आणि आपल्या मातीतील विद्या बरोबर न्यावी, हा वस्तुपाठ मांद्र्याच्या या सुपुत्राने घालून दिला आहे. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!