रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर

मराठी भाषेंतील शब्द अगणित आहेत. परंतु ते ज्या अक्षरांनीं बनतात तीं मोजकींच. सजीवांच्या शरीराचेंही असेंच आहे. रक्त, मांस, केस, फळांतील गोडी हीं सर्व कांहीं थोड्या घटकांच्या निरनिराळ्या जुळणीनें बनलेलीं असतात. ही वर्णमाला ज्यांनीं जगास वाचावयास शिकविली, त्यांतील एका अग्रगण्य शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

एमिल फिशर यांचा जन्म ता. 9 ऑक्टोबर 1852 रोजीं जर्मनींत कोलोन शहराजवळील ऑयस्किर्शेन या गांवीं झाला. वडील व्यापारी होते व मुलानेंही व्यापारच करावा अशी त्यांची इच्छा होती. म्हणून एमिल यांस मेहुण्यांच्या लाकडाच्या वखारींत उमेदवारीस ठेवण्यांत आलें. परंतु तेथें त्यांचें मन रमेना. अखेर वडिलांनीं आग्रह सोडला, व 1871 सालीं ते बॉन येथील विद्यापीठांत दाखल झाले. पुढें स्ट्रासबुर्ग येथें अॅडॉल्फ फॉन बायर या थोर गुरूंच्या हाताखालीं शिकून 1874 सालीं त्यांनीं डॉक्टरची पदवी मिळविली.

दुसऱ्याच वर्षीं त्यांस फेनिलहायड्रॅझिन हें नवें द्रव्य सांपडलें. त्या काळीं शर्करांचा अभ्यास फार कठीण होता. कारण त्यांचा चिकट पाक होई, शुद्ध स्फटिक सहसा मिळत नसत. या द्रव्याच्या योगानें त्यांपासून पिवळे स्फटिक मिळूं लागले व शर्करांचीं परस्पर नातीं उलगडलीं. 1890 सालीं फिशर यांनीं ग्लिसरीनपासून द्राक्षशर्करा तयार केली, व 1891 सालीं तिच्यांतील अणूंची मांडणी ठरविली. कॉफींतील कॅफीन व मूत्रांतील युरिक आम्ल हीं प्युरीन नांवाच्या एकाच कुळांतील आहेत, हेंही त्यांनीं सिद्ध केलें. आनुवंशिक गुण वाहणाऱ्या डी.एन.ए.च्या चार अक्षरांपैकीं दोन याच कुळांतील होत. या कार्याबद्दल त्यांस 1902 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

एवढ्यावर ते थांबले नाहींत. प्रथिनें हीं अमिनो आम्लांच्या सांखळ्या असतात असें त्यांनीं दाखविलें, आणि 1907 सालीं 18 दुव्यांची सांखळी स्वतः तयार केली.

परंतु या यशाची किंमत मोठी होती. ज्या द्रव्यानें कीर्ति दिली, त्याच्याच विषारी वाफांनीं त्यांची प्रकृति कायमची बिघडविली. विवाहानंतर सातच वर्षांनीं, 1895 सालीं, पत्नी निवर्तल्या. महायुद्धाच्या काळांत तीन मुलांपैकीं दोन मृत्यु पावले. ता. 15 जुलै 1919 रोजीं बर्लिन येथें फिशर यांचा अंत झाला. उरलेले पुत्र हर्मान पुढें अमेरिकेंत जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, व पित्याचें काम घरांत खुंटलें नाहीं.

वखारींत निरुपयोगी ठरलेल्या या तरुणानें सजीव सृष्टीच्या विटा ओळखून दाखविल्या. आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यांची चिकाटी घ्यावी. आणि पालकांनीं, मुलाचें मन एका कामांत लागत नाहीं एवढ्यावरून तो कोणत्याच कामाचा नाहीं असें ठरवूं नये, इतकीच आमची विनंति आहे.