खाजणांची कैवारी : रेचल कार्सन

रेचल कार्सन हे नाव निघाले की 'सायलेंट स्प्रिंग' आणि डीडीटी एवढेच आपल्याला आठवते. १९६२ च्या त्या ग्रंथाचे मोल मोठेच; पण त्याआधी कित्येक वर्षे या बाईंनी समुद्रकाठच्या चिखलासाठी लेखणी झिजवली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल गावी, समुद्रापासून शेकडो मैलांवर झाला. लेखिका व्हायचे म्हणून महाविद्यालयात इंग्रजी घेतले आणि मध्येच जीवशास्त्राकडे वळल्या. (असा निर्णय घरी सांगायला आजही धैर्य लागते!) समुद्र प्रत्यक्ष पाहिला तो १९२९ साली, वुड्स होल येथे. १९३२ मध्ये एम.ए., १९३५ मध्ये पितृवियोग, १९३६ पासून सरकारी मत्स्यखात्यात नोकरी. पुढे बहीण वारली आणि दोन भाच्यांचा भारही अंगावर आला.

या नोकरीतच १९४७ पासून त्यांनी संरक्षित अभयारण्यांविषयी एक पुस्तिकामाला चालवली. व्हर्जिनियाच्या किनारी बेटावरचे चिंकोटीग, मॅसॅच्युसेट्समधील प्लम बेटावरचे पार्कर रिव्हर अशा ठिकाणी त्या स्वतः हिंडल्या. पार्कर रिव्हरला तर स्थानिक लोकांचाच विरोध होता. पाणथळ म्हणजे पडीक जमीन, ती बुजवावी, हा समज तिकडेही आपल्याइतकाच पक्का! बाईंनी तो शांतपणे खोडून काढला. उत्तरेकडून दक्षिणेस जाणाऱ्या बदकांना वाटेत विसावा लागतो. एकेक दलदल आटवली की त्या मार्गावरचा एकेक मुक्काम नाहीसा होतो. खाजणातले गवत कुजते, त्यावर सूक्ष्म जीव पोसतात, त्यांवर कोळंबी आणि माशांची पिल्ले. वादळी लाटेचा जोरही हेच गवत मोडते. सरकारी पत्रकात इतके जिवंत लेखन क्वचितच आढळते.

'द सी अराउंड अस' (१९५१) गाजले, तेव्हा नोकरी सोडून त्यांनी मेन राज्यातील साउथपोर्ट बेटावर छोटे घर बांधले. मेनच्या किनाऱ्यालगत तीन हजारांहून अधिक बेटे आहेत. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांपाशी त्या तासन्‌तास बसत. 'द एज ऑफ द सी' (१९५५) घडण्यात त्या डबक्यांचा मोठा वाटा आहे. १९५६ साली निसर्गसंरक्षण संस्थेची मेन शाखा निघाली, तिच्या संस्थापकांत त्या होत्या. घराजवळचे किनाऱ्यावरचे एक रान विकत घेऊन कायमचे राखावे, ही त्यांची फार इच्छा होती. ती मात्र पुरी झाली नाही. १९५७ साली भाची निवर्तली, तिचा पाच वर्षांचा मुलगा बाईंनी दत्तक घेतला. मग 'सायलेंट स्प्रिंग'चे काम, त्यावरचा गदारोळ आणि कर्करोग. १४ एप्रिल १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. रक्षेचा काही भाग साउथपोर्टच्या किनाऱ्यावर विखुरण्यात आला.

१९६६ साली मेनच्या दक्षिण किनाऱ्यावर एक अभयारण्य स्थापन झाले. १९६९ मध्ये त्याला रेचल कार्सन यांचे नाव दिले गेले. किटरीपासून केप एलिझाबेथपर्यंत सुमारे पन्नास मैलांत ते तुकड्यातुकड्यांनी पसरले आहे. तिथल्या खाऱ्या गवतात एक चिमणी जमिनीलगत घरटे करते. दोन मोठ्या उधाणांमधल्या थोड्या दिवसांत तिला पिल्ले वाढवावी लागतात, आणि समुद्राची पातळी चढत असल्याने तेवढे दिवसही तिला पुरेनासे झाले आहेत.